सोमवारच्या चारशे नोंदी

(बीडच्या मोंढ्याकडच्या, म्हणजे धान्यबाजाराकडच्या रस्त्यावर, कापडाच्या दुकानावरचा कॉम्प्युटर क्लास. २००२ सालचा जुलै, शुक्रवार, सकाळचे साडेनऊ. शिकवणारी गंगासागर कागद पसरून कधीची बसली आहे. क्लासचा मालक वीरेश आत्ता आला आहे आणि आल्यापासून त्याने तिच्याकडे धड पाहिलेलं नाही.)

गंगासागर : म्हणून म्हणते सर, बावीस जणांना एका दमात शिकवायचा नाद सोडा. मागच्या चाचणीला तेच केलं आन् तोंडावर पडलो. आता चार गट करू.

वीरेश : करा ना. चार करा.

गंगासागर : तुमी ऐकायलात का नुसतं हो म्हणायलात?

वीरेश : ऐकतोय मॅडम. चार गट. बोला.

गंगासागर : पहिला टायपिंगवाल्यांचा. बंकट आन् त्याच्यासारखे सहा जण. बोटं लई पळतात त्यांची, पण ध्यान भलतीकडंच. पानभर टाइप केल्यावर विचारलं, काय होतं रे पानात, तर बंकट म्हणतो, अडीचशे शब्द होते. त्यांना मी दोन दिवस कीबोर्डला हात लावू देणार न्हाई.

वीरेश : मग बसून काय करतील?

गंगासागर : रंगीत पेन्सिली देणार. जुन्या वहीतली जमिनीची नोंद वाचायची. माणसाच्या नावाखाली लाल रेघ, गावाखाली निळी, जमिनीच्या क्षेत्राखाली हिरवी. रेघ कुठं सुरू झाली आन् कुठं थांबली ते मला बोटानं दाखवायचं. मग आपसूक कळंल लेबल म्हंजे काय ते. नाव आलं की अगोदर लेबल, नाव संपलं की पुन्हा लेबल. एक्सएमएल म्हंजे दुसरं काय हाय?

वीरेश : हैदराबादच्या कंपनीवाल्यांना सांगायला पाहिजे होतं हे. तीन दिवस इंग्रजीतून समजावत होते.

गंगासागर : आन् आपण तीन दिवस माना हालवत होतो. तुमी तर मधी मधी 'एक्झॅक्टली' म्हणत होतात.

वीरेश : म्हणावं लागतं मॅडम. धंदा आहे.

गंगासागर : दुसरा गट शहादेवचा, कॉलेजवाल्यांचा. एक्सएमएल त्याला तासाभरात आलं, मलाच शिकवायला लागला. पण जुन्या वहीत 'खुष्की' लिवलेलं दिसलं तर म्हणतो, मॅडम, हे चुकून पडलंय, काढून टाकू का? अरे, तुझ्या आज्याची सगळी जमीन खुष्कीच हाय म्हणलं, कोरडवाहू! निजामाच्या काळातल्या वह्या हायेत, तवाचे शब्द असणारच. तर हे पाच जण दोन दिवस शंकरप्पांच्या ताब्यात. शब्द शिकतील.

वीरेश : अप्पांच्या?

गंगासागर : व्हय, अप्पांच्या. जुनी वही वाचणारं दुसरं कोण हाय आपल्याकडं? तोंड कावून वाकडं करायलात?

वीरेश : नाही, नाही. ठेवा त्यांना. पुढं बोला.

गंगासागर : तिसऱ्या गटात ताराबाई आन् त्यांच्या दोघी मैत्रिणी. अगोदर अंगणवाडीत मदतनीस होत्या. माउस अशा धरतात की कुणीतरी विंचू हातात दिलाय. पण सर, त्यांची गंमत सांगू का? त्यांना मी भांड्यांवरून सांगितलं. लग्नाला गल्लीतली भांडी गोळा करतो, परत देताना प्रत्येक भांड्यावर घातलेलं नाव बघून देतो, तसंच हे, प्रत्येक गोष्टीवर तिचं नाव. तर ताराबाई म्हणल्या, मॅडम, मग डबा रिकामा असला तरी नाव असतंच की त्याच्यावर! कुणी शिकवलं न्हाई, सर. जागा रिकामी असली तरी लेबल द्यायचं, हे शहादेवला मी चारदा सांगितलं तवा कळलं.

वीरेश : हुशार आहेत ताराबाई.

गंगासागर : मग राहिला मोंढ्याचा गट. हनुमान आन् ती आडतीवरची पोरं. ह्यांनी जन्मभर पोत्यावर चिठ्ठ्या लावल्या. चिठ्ठी पुढं लावायची, पोतं शिवलं की झालं. शेवटचं लेबल कशाला लावायचं, हेच त्यांना पटत न्हाई. हनुमान म्हणतो, माल संपलेला दिसतो की डोळ्यानं! माणसाला दिसतो रे, मशीनला दिसत न्हाई. तुमीच सांगा त्याला, तुमी सिरसाळ्याच्या आडतीवाल्यांचे. तुमचं ऐकंल.

वीरेश : सांगतो.

गंगासागर : आज सांगा. आज शुक्रवार. शनिवार, रविवार दोन्ही दिवस बोलवायचं समद्यांना. सोमवारी दुपारच्या आत चारशे नोंदी हैदराबादला गेल्या पाहिजेत. ही चाचणी पास झालो तर तीन वर्षं काम. बावीस जणांना. नापास झालो तर... सर, पंखा कशाला लावला? कागद उडायलेत.

वीरेश : बंद करतो. मॅडम, समजा, समजा हं, सोमवारचं नाही जमलं तर?

गंगासागर : का न्हाई जमणार? मागच्या वेळी लेबलं शंभर टक्के बरोबर होती. एक लेबल उघडं राहिलं न्हाई. मशीननं एक चूक दाखवली न्हाई. चुकलं ते आतलं. आन् ते तपासायचं काम माझं होतं. मी भांडी मोजली, भांड्यात काय हाय ते बघितलंच न्हाई. तुमाला सांगते, त्या दिवशी घरी जाऊन मी रडले. ह्यावेळी एकेक नोंद मी वाचणार, दुसऱ्यांदा वैष्णवी वाचणार. तिच्याइतकी बारीक नजर कुणाची न्हाई. कालही आली न्हाई बघा ती, आज...

शंकरप्पा : येऊ का आत? चपला बाहेरच काढल्यात.

गंगासागर : या अप्पा. तुमचीच वाट बघायलोत. बसा, पंख्याखाली बसा. सर, लावा पंखा.

शंकरप्पा : शरणार्थ, वीरेश. तोंड उतरलंय कावून? झोप न्हाई झाली का?

वीरेश : शरणार्थ अप्पा. काही नाही, थोडं टेन्शन.

शंकरप्पा : तुमच्या उमरीला आमी बी लई टेन्शन घेत होतो. आता अगोदर तोंड गोड करा. हे पेढे. माझे न्हाईत, वैष्णवीनं दिलेत. खाली जिन्यापाशी उभी होती. वर चल म्हणलं तर येईना. म्हणली, अप्पा, तुमीच द्या मॅडमला, माझी हिंमत होईना.

गंगासागर : कशाचे पेढे? लगीन ठरलं काय तिचं?

शंकरप्पा : न्हाई माय. तिला ऑर्डर आली. शिक्षणसेवकाची. काल सांजच्याला बोलावून हातात दिली म्हणं.

गंगासागर : कुठली शाळा?

शंकरप्पा : आता कसं सांगू... तुझीच, माय. शिरूरकडची, तू आन् तुझे बाबा मोहनराव बघून आलते ती. यादीत तुझ्याखाली तिचंच नाव होतं. तू मुदतीत हजर झाली न्हाईस, मग तिला दिली.

गंगासागर : असं.

वीरेश : मॅडम, पाणी घेता का?

गंगासागर : कशाला पाणी? मला काय झालं? बरं झालं की. अनोळखी कुणाला जाण्यापरीस आपल्या पोरीला गेली. येडी हाय ती, वर यायला भ्यायचं कशाला? द्या अप्पा, पेढा द्या.

शंकरप्पा : वाईट वाटत असंल तर म्हण. माझ्यापाशी काय लपवायचं.

गंगासागर : शाळा चांगली हाय, अप्पा. दोनच खोल्या, पत्रे नवे टाकलेत. आमी गेलो तवा पोरं बाहेर बसून पाढे म्हणायलीती. एका पोरीनं माझी पर्स धरून ठेवली, सोडंचना. बाबा म्हणले, बघ, हिनंच तुला रुजू करून घेतलं. आता बाबा माझ्याशी बोलत न्हाईत. तीन दिवस झाले. आई ताट वाढते, ते बी गुपचूप. म्हणतेत, डी.एड. कशाला केलं होतंस मग, कॉम्प्युटरला पेन्शन असते काय.

शंकरप्पा : बापाचं काळीज हाय, बोलंल हळूहळू.

गंगासागर : पर मी सांगते ना, मी समजून उमजून सोडली. बुधवारी साडेपाचला मुदत संपत होती. साडेपाचला मी हितं, ह्याच खुर्चीत. ताराबाईंच्या हातावर हात ठेवून माउस फिरवत होते. घड्याळ बघितलं मी. आन् अप्पा, मला वाईट वाटलं न्हाई. खरंच न्हाई वाटलं. ही बाई पन्नाशीला पहिल्यांदा आपल्या गावाचं नाव स्क्रीनवर लिवायलीये, आन् हिला तीन वर्षं काम मिळणार हाय, घरात बसून खायचं न्हाई. असं वाटलं. आता वैष्णवी गेली, तपासायला दुसरं कोणतरी बघावं लागंल. शहादेवला तयार करू का, सर?

वीरेश : करा.

गंगासागर : आज तुमाला दुसरा शब्द येईना काय!

शंकरप्पा : मी आज काय शिकवू ते सांग. मागच्या वेळी मशीनची भानगड झाली म्हणं, म्हणून चाचणी बोंबलली. ह्या बारीला मशीन नीट हाय ना?

गंगासागर : मशीनची? कोण म्हणलं?

शंकरप्पा : वीरेश म्हणला.

गंगासागर : सर, तुमी अप्पांना सांगितलंच न्हाई?

वीरेश : मॅडम, आता वडीलधारी माणसं... उगाच कशाला.

गंगासागर : उगाच न्हाई. सोमवारी पुन्हा तेच होईल. अप्पा, मी सांगते, मनाला लावून घेऊ नका. चूक माझी बी तेवढीच हाय.

शंकरप्पा : बोल.

गंगासागर : तुमी पोरांना शिकवलं, एकदा नाव लिवलं आन् खालच्या ओळीत पुन्हा तेच आलं, तर पुन्हा लिवायचं न्हाई. 'ऐजन' लिवायचं. म्हंजे वरच्यासारखंच.

शंकरप्पा : मग? बरोबरच हाय. कचेरीत पस्तीस वर्षं नकला काढल्या मी. एकच नाव धा बार लिवलं तर आमचा साहेब, नाझर, वही तोंडावर फेकायचा. म्हणायचा, शाई सरकारची हाय, तुझ्या सासऱ्याची न्हाई.

गंगासागर : वहीत बरोबर हाय, अप्पा. वहीतली वरची ओळ वरच राहते. मशीन तशी ठेवत न्हाई. ती प्रत्येक नोंद सुटी करती, आन् मग तिला पाहिजे तशी लावती. गावावरून लाव म्हणलं की गावावरून, नंबरावरून लाव म्हणलं की नंबरावरून. वरची ओळ गेली कुठं, खालची गेली कुठं. मग ऐजन म्हंजे कोण? पोरांना लई आवडलं ते. टायपिंग वाचतं ना. चारशे नोंदींत एकशे साठ ऐजन निघाले. हैदराबादच्या साहेबांनी फोनवर विचारलं, तुमच्या जिल्ह्यात हा ऐजन नावाचा कोण मोठा जमीनदार हाय, एकशे साठ शेतांचा मालक?

शंकरप्पा : हसले असतील.

गंगासागर : हसले. मी बी हसले त्यांच्याबरोबर, काय करणार.

शंकरप्पा : एकशे साठ माणसांची नावं पुसली म्हण की मी.

गंगासागर : असं न्हाई, अप्पा. मूळ वह्या हायेत.

शंकरप्पा : अगं, पस्तीस वर्षांत माझ्या नकलेवर एक हरकत आली न्हाई. कोर्टात वकील म्हणायचे, शंकरप्पाच्या हातची नक्कल हाय ना, मग मूळ कागद नको. आन् हितं म्हातारपणी... मला सांगायचं होतं रे वीरेश. मशीनची भानगड म्हणालास. चार दिवस मी घरी आमच्या सुंदरबाईला सांगायलोय, ह्या मशिनी काय भरवशाच्या न्हाईत.

वीरेश : अप्पा, माझं चुकलं. मला वाटलं तुम्ही यायचं बंद कराल.

शंकरप्पा : बंद कावून करीन? जे चुकलं ते मलाच दुरुस्त करू द्या. आज पोरांना मीच सांगतो, म्हाताऱ्यानं चुकीचं शिकवलं, एकही ओळ दुसरीच्या आधारानं लिवू नका. मी सांगितलं तर ध्यानात राहील त्यांच्या.

गंगासागर : हे लई चांगलं होईल, अप्पा. मी तेच मांडलंय हितं. शहादेवचा गट तुमच्याकडं. आन् सगळ्यांना शेवटचा अर्धा तास, प्रत्येक नोंद एकटी वाचून दाखवायची. कात्रीनं कापून हातात देणार मी. एक नोंद एका माणसाला. वरचं-खालचं काही दिसायचंच न्हाई. बंकट असो की ताराबाई, चिठ्ठी हातात घेऊन सांगायचं, हा कोण, कुठला, जमीन किती.

शंकरप्पा : वा. हे तर कचेरीत बी कुणी केलं न्हाई. वीरेश, आणखी एक काम कर. त्या हैदराबादच्या साहेबाला फोन लाव.

वीरेश : कशाला?

शंकरप्पा : मी बोलतो. लहानपणी मी चौथीपर्यंत उर्दूतच शिकलो, तिकडचा माणूस असला की जरा अदबीनं बोललं पाहिजे. सांगतो, साहेब, कसूर माझी हाय, ह्या लेकरांची न्हाई. पोरीनं रातंदिस मेहनत केलीय. सोमवारची फाइल जरा मेहरबानीनं बघा. तेवढ्यानं फरक पडतो. मी पाहिलेलंय.

वीरेश : नको, अप्पा.

शंकरप्पा : एसटीडीचा खर्च मी देतो.

वीरेश : खर्चाचं नाही हो.

गंगासागर : लावा की, सर. त्यात काय? अप्पा गोड बोलतेत. माझ्या इंग्रजीपेक्षा बरं.

वीरेश : ते फोन घेणार नाहीत.

गंगासागर : का बरं?

वीरेश : मॅडम, तुम्ही आधी तो पेढा... राहू द्या. बसा.

गंगासागर : मी बसलेलीच हाय. बोला.

वीरेश : काम गेलंय.

गंगासागर : कुठं गेलंय?

वीरेश : दुसऱ्या गावाला. ज्यांची पहिलीच चाचणी पास झाली त्यांना दिलं त्यांनी. सगळंच्या सगळं.

शंकरप्पा : आन् सोमवार?

वीरेश : मी लई विनवलं. सोमवारी आणखी चारशे नोंदी पाठवतो म्हणालो. ते म्हणाले, पाठवायच्या तर पाठवा. बघू म्हणालेत मॅडम. पुढंमागं काम निघालं तर. म्हणजे अगदीच दार लावलं असं नाही...

गंगासागर : कवा आला फोन?

वीरेश : म्हणजे तसं...

गंगासागर : वार सांगा.

वीरेश : मंगळवारी.

गंगासागर : किती वाजता?

वीरेश : अकराच्या सुमाराला.

शंकरप्पा : शिवा, शिवा.

गंगासागर : मंगळवारी दुपारी आपण हितंच डबे खाल्ले. तुमच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी होती. मी तुमाला विचारलं. हितंच बसून विचारलं, सर, उद्या शेवटचा दिवस हाय, जाऊ का रुजू व्हायला? तुमी काय म्हणालात?

वीरेश : मॅडम...

गंगासागर : तुमी म्हणालात, तुमचं तुमी ठरवा, पण हितलं काम पक्कं हाय. पक्कं म्हणालात. आन् मला चटणी वाढली.

वीरेश : मला वाटत होतं मी फिरवीन त्यांना. बुधवारी तीनदा फोन केला, काल दोनदा केला. वाटलं, तुमची ही सगळी तयारी, गटबिट, इंग्रजीत लिहून फॅक्स केलं तर बघून तरी... काल रात्री बसून लिहिलं पण मी. हे बघा, खिशातच आहे.

शंकरप्पा : बे वीरेश, तुझी जीभ झडली होती काय? मंगळवारी बोलला असतास तर बुधवारी पोरगी शाळेत उभी राहिली असती!

वीरेश : तेच तर, अप्पा. गेल्या असत्या. मॅडम गेल्यावर क्लासमध्ये काय राहतं? सहा कॉम्प्युटर आणि मी. मला कुठं येतं शिकवता? बावीस जणांना मी शब्द दिलेला. ह्यांच्याशिवाय दुसऱ्या दिवशी कुलूप लावावं लागलं असतं.

गंगासागर : आन् आता?

वीरेश : आता... आता पण तेच.

गंगासागर : एवढं आधीच दिसत होतं ना तुमाला?

वीरेश : दिसत होतं.

शंकरप्पा : चल माय, मी येतो तुझ्याबरोबर. झेडपीतल्या शिक्षणाच्या मोठ्या साहेबाला भेटू. अर्ज लिवून देतो मी, असा लिवतो की वाचून...

गंगासागर : काय लिवता, अप्पा? वैष्णवीची ऑर्डर काढून मला द्या म्हणून?

वीरेश : पुढची भरती निघेलच की. मी स्वतः फॉर्म आणून देतो, मॅडम. सगळीकडं माझी ओळख आहे, मी...

गंगासागर : वीरेश, गप बस. अरे, मला तुझ्या ओळखी नको होत्या. मला मंगळवारी एक वाक्य पाहिजे होतं. काम गेलं, एवढं. दोन शब्दांचं. तू ते डब्यासकट गिळलंस. मी घरी जाऊन बाबांना छातीठोकपणे सांगितलं, मला हाकलायचं तर हाकला, मी त्या पोरांना सोडून जाणार न्हाई. बाबांनी भिंतीकडं तोंड केलं. कुणासाठी केलं मी ते? मला आता कळंना.

वीरेश : मला शिव्या द्या. पाहिजे तेवढ्या द्या.

गंगासागर : न्हाई येत मला. आल्या असत्या तर बरं झालं असतं.

शंकरप्पा : मूळ माझ्यापाशी हाय, बाई. माझ्या त्या एका शब्दानं झालं सगळं. मीच सांगतो सगळ्यांना. मी म्हातारा, मला काय दोन शब्द लागले तर लागले.

गंगासागर : न्हाई, अप्पा. तुमी चुकलात ते कळल्यावर लगेच फोन लाव म्हणालात. मी तुमाला मधी येऊ देणार न्हाई.

वीरेश : जिन्यात आवाज यायलाय. आले वाटतं ते.

गंगासागर : हनुमानचा आवाज हाय. जिना चढताना बडबडतच येतो.

वीरेश : ताराबाई पण दिसतात. मॅडम, एक विनंती करू का? तुम्ही सांगाल का त्यांना? तुमचं ऐकतात. तुमच्या तोंडून आलं तर...

गंगासागर : न्हाई. काम गेलं हे तुमी सांगायचं. आत्ता, ते बसायच्या अगोदर. उभं राहून सांगायचं. मंगळवारी गेलं, हे बी सांगायचं.

वीरेश : मंगळवारी कशाला? तेवढं राहू द्या ना.

गंगासागर : मंगळवारी गेलं, हे बी. त्यातल्या कुणी ह्या चार दिवसांत कुठं काय सोडलं असंल ते तुमाला मला ठाव न्हाई. शहादेवला पुण्याला मामानं बोलावलंतं, जाऊ का विचारत होता बुधवारी. मीच नको म्हणलं त्याला.

वीरेश : बरं. सांगतो.

गंगासागर : आन् सांगून झालं की तुमी जावा. मग मी घेते त्यांना. अप्पा, तुमी शहादेवचे पाच जण घ्या, त्या कोपऱ्यात. बंकटच्या गटाला ह्या पेन्सिली.

शंकरप्पा : आता कशाला, माय? काम न्हाई, चाचणी न्हाई. आता हे शिकून कुणाला काय करायचं हाय?

गंगासागर : नेकनूरकडच्या नऊ जणांची पास चालणारी एसटी चारला हाय, अप्पा. तवर त्यांनी कुठं बसायचं?